नांदायचंय, पण मार नको

“तक्रार केली म्हणजे संसार मोडलाच ना, मॅडम?”

मारहाण सोसणाऱ्या बायकांच्या समुपदेशनात हा प्रश्न आमच्याकडे इतक्या वेळा येतो, की तो आला नाही तर चुकल्यासारखं वाटतं. विचारणारी घाबरट किंवा अडाणी नसते. फॉल-पिको करून घर चालवणारी असते, अंगणवाडी सेविका असते, परवा एक पदवीधर शिक्षिका होती. पोलीस, कोर्ट आणि काडीमोड ही तिघींच्याही डोक्यात एकच गोष्ट असते. तिकडे पाऊल टाकलं की परतीची वाट बंद, म्हणून पाऊलच टाकायचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. उरलेल्यांच्या गप्प बसण्याला पुष्कळ कारणं असतील, पण हा प्रश्न त्यात मोठा आहे.

शैलाची गोष्ट सांगते. नाव-गाव बदललेलं आहे आणि तीन-चार जणींचे तपशील एकीत मिसळले आहेत. वय चौतीस, दोन मुलं, नवरा एमआयडीसीत ऑपरेटर, राहती खोली सासूच्या नावावर. आणलं भावाने.

“तीनदा माहेरी नेली, तीनदा परत गेली. आता गेली तर आमचं दार बंद, असं सांगून आणलंय,” तो म्हणाला.

त्याला आधी बाहेर बाकावर बसवलं. माहेरचं माणूस कितीही मायेचं असलं तरी पहिली भेट एकटीचीच घ्यायची. भावासमोर बाई भावाला बरं वाटेल तेच बोलते. तो बाहेर गेल्यावर शैलाने जे सांगितलं, ते त्याला आवडलं नसतं.

“मला नांदायचंय. फक्त मार बंद करा.”

नवीन कार्यकर्त्या हे ऐकून हिरमुसतात. त्यांना सोडायला तयार असलेली बाई हवी असते. माझ्या मते हे वाक्य कच्चेपणाचं नाही. ती अगदी नेमकी मागणी आहे आणि कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, तो याच मागणीसाठी आहे. घटस्फोट न मागता संरक्षणाचा आदेश मिळतो. त्याच घरात राहायचा आदेश मिळतो. खर्ची मिळते, स्त्रीधन परत मिळतं. नवऱ्याला तुरुंगात घालायची मागणी अर्जात करावी लागत नाही. आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शैलाला हे सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, “म्हणजे मंगळसूत्र काढावं नाही लागणार?”

पण कायद्याच्या आधी धोका मोजावा लागतो. आम्ही सगळ्यांना थेट विचारतो: गळा दाबला का? हत्यार उगारलं का? जिवे मारीन म्हणाला का? मार वाढत चाललाय का? तुझ्या मनात जीव द्यायचं येतं का? गळा दाबल्याचं बायका आपणहून सांगत नाहीत, कारण अनेकदा वळ दिसत नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके ही खूण असू शकते, आणि बाहेरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. शैलाचा गळा दिवाळीत एकदा दाबला होता. तिने तो प्रकार ‘धक्काबुक्की’त धरला होता.

दुसऱ्या भेटीत ती म्हणाली, “दारू सुटली की सगळं सुटेल. माणूस वाईट नाही.” हेही रोजचंच. यावर वाद घालून काही होत नाही. मी मारल्याच्या तारखा आठवतात का विचारलं, तर तिने पिशवीतून गुंडाळी केलेली दिनदर्शिका काढली. भिंतीवरची, दुधाचा हिशेब लिहायची. चौकटीत एक, दीड, खाडा असं लिहिलेलं आणि काही चौकटींच्या कोपऱ्यात पेन्सिलीचं बारीक टिंब.

“ही टिंबं?”

“त्या रात्री झालं होतं.”

तीन महिन्यांत अकरा टिंबं. आधी त्या पानांच्या झेरॉक्स काढल्या, कारण मूळ कागदावर नंतर एक अक्षरही वाढवायचं नसतं. मग झेरॉक्स तिच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, “ज्या दिवशी ते प्यायलेले होते तिथे ‘प’ लिही.”

तिने चार टिंबांजवळ ‘प’ लिहिला. पेन्सिल थांबली. बाकी सातांकडे बघत राहिली.

“या सात दिवशी काय झालं होतं?”

एकेका चौकटीवर बोट ठेवत ती सांगत गेली. बचत गटाची मीटिंग. आईचा फोन. पालकसभेला एकटी गेले. फॉल-पिकोचे सहाशे रुपये मागितले. पुन्हा बचत गट. मग मी विचारलं, पिऊन आले पण हात उचलला नाही असे दिवस? ती चटकन म्हणाली, “शनिवारी पितातच. जेवतात नि झोपतात.” शनिवारचा उभा रकाना बघितला. तेरा शनिवारांत टिंब फक्त दोन ठिकाणी.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाची जीभ फार वळवळते, आपल्याला समजलेलं सांगून टाकावंसं वाटतं. ते टाळलं म्हणून पुढचं वाक्य तिचं स्वतःचं निघालं.

“म्हणजे मी बाहेर पडले की मारतात. दारूचं नुसतं नाव.”

वर्षानुवर्षं हे काम करून माझं मत एवढंच झालंय की मारणं म्हणजे तोल सुटणं नव्हे. तोल सुटणारा माणूस सुपरवायझरवरही हात टाकेल. घरात, दार लावून, अंगावर झाकलं जाईल अशाच जागी जो मारतो, त्याचा तोल शाबूत असतो. दारूने इजा गंभीर होते हे खरं आणि व्यसनमुक्तीचे उपचार जरूर करावेत, पण ‘आधी दारू सोडवू, मग बघू’ म्हणून बाईची सुरक्षितता टांगून ठेवू नये.

टिंबांच्या त्या पानांचा दुसरा उपयोग कागदपत्रात झाला. या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी कोर्टासाठी कौटुंबिक घटना अहवाल भरतात, तो बहुतेक वेळा एका वाक्याने वाया जातो: ‘पती सतत मारहाण व शिवीगाळ करतात.’ यातून न्यायाधीशांना काहीच दिसत नाही. आम्ही तीन घटना नीट लिहून घेतो. पहिली, सगळ्यात वाईट आणि सगळ्यात अलीकडची. प्रत्येकीला तारीख, वेळ, जागा, कशाने मारलं, कुठे लागलं, कोणी ऐकलं, औषधपाणी कुठे केलं. आर्थिक छळ बायका छळात धरतच नाहीत. एटीएम कार्ड कोणाकडे, कमाई कोण घेतं, दागिने कुठे ठेवलेत, हे विचारून लिहावं लागतं. लैंगिक जबरदस्तीचा रकाना तर हमखास कोरा राहतो. तो बंद खोलीत, बाई कार्यकर्तीनेच विचारायचा.

दवाखान्यात ‘पडले’ सांगितलं की केस पेपरवर ‘पडले’च येतं आणि दोन वर्षांनी समोरचा वकील तोच कागद वाचून दाखवतो. ‘नवऱ्याने मारलं’ असं सांगायचं, सरकारी रुग्णालयात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची, नोंद करायला सांगायचं, केस पेपर जपायचा. पोलीस ठाण्यात नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, झाली तर पोलीस आपणहून तपास करत नाहीत, पण तारखेचा पुरावा म्हणून तिची प्रत घ्यायचीच. ठाण्यात एकटीने जायची भीती वाटत असेल तर महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षाची चौकशी करावी. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांत सुरू केलेलं हे काम आता जिल्ह्या-जिल्ह्यांत आहे. वकिलासाठी तालुका विधी सेवा समिती. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, हे वकील लावलेल्या पुष्कळ जणींनासुद्धा माहीत नसतं!

कोर्टातला अर्ज माहेरच्या तालुक्यातही करता येतो, तात्पुरती राहत असली तरी. कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून मूळ अर्जाबरोबरच शपथपत्र जोडून अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश मागायचा. मागणी मोघम नको. ‘योग्य तो खर्च मिळावा’ऐवजी किराणा किती, शाळेची फी किती, औषधं किती, असं फोडून. शैलाची सासू म्हणत होती, “घर माझ्या नावावर आहे, चालती हो.” सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरसुद्धा सामाईक घर ठरू शकतं. मालकी सासूचीच राहते, सुनेला कायद्याची वाट सोडून बाहेर काढता येत नाही.

भावाचा आग्रह वेगळा होता. “चार माणसं नेऊन बैठक बसवतो, बाँडपेपरवर लिहून घेतो.” या बाँडपेपरावर गावोगाव फार श्रद्धा. त्यावर ‘पुन्हा मारणार नाही’ लिहून दिलेला माणूस पुन्हा मारतो, तेव्हा तो कागद दाखवून पोलिसांना उचलता येत नाही. कोर्टाचा आदेश मोडला तर येतं. शिवाय बैठकीत दाजींची अब्रू गेली, तर तिची भरपाई रात्री बहिणीकडून वसूल होते. भावाला दोनच कामं सांगितली. दार बंद ही धमकी मागे घ्यायची, ती कितव्यांदाही आली तरी. आणि कागदांची पिशवी त्याने सांभाळायची.

पिशवीचंही तंत्र आहे. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नपत्रिका आणि फोटो, सगळ्यांच्या झेरॉक्स. मूळ कागद एकदम हलवले की घरात लक्षात येतं आणि धोका वाढतो, म्हणून एकेक. पलंगाखाली काही ठेवायचं नाही. मोबाईलमध्ये फोटो काढला तर भावाला पाठवून लगेच पुसायचा, ‘डिलीटेड’मधूनही, आणि लोकेशन कोणाला दिसतंय का ते तपासायचं. शेजारणीशी एक खूण ठरवायची. शैलाने खिडकीत लाल टॉवेल ठरवला. तो दिसला की शेजारणीने ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावायचा.

अर्ज दाखल झाला त्या आठवड्यात तिला भावाकडेच ठेवलं. बाई विरोधात उभी राहते तेव्हाच जिवाचा धोका सगळ्यात जास्त असतो. अंतरिम आदेश झाला: मारहाण व शिवीगाळ करू नये, तिच्या बचत गटात आणि मुलांच्या शाळेत जाऊन त्रास देऊ नये, घरातून काढू नये. प्रत फुकट मिळते आणि पोलीस ठाण्यालाही जाते. तरी तिच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक पर्समध्ये, एक शेजारणीकडे, एक भावाच्या पिशवीत. ती परत नांदायला गेली. महिन्याने नवऱ्याने दारावर लाथा मारल्या, तिने कडी काढली नाही, ११२ ला फोन करून आदेशाचा क्रमांक वाचून दाखवला. गाडी आली.

खर्चीचं अजून व्हायचंय. दोघांनीही उत्पन्नाचं शपथपत्र द्यायचं असतं, नवऱ्याने दोन तारखा चुकवल्या. तिसरी येत्या १४ ला आहे. शैलाने ती दिनदर्शिकेवर दुधाच्या आकड्याखाली लिहून ठेवलीय, या खेपेला पेनाने.