वास गेला, वाफ नाही: थिनर, स्प्रे आणि रेझिनबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सोलापूरच्या विडी घरकुलात राहतो. १० बाय १० च्या खोलीत जुन्या सायकलला स्प्रे मारतोय. कोरोनातला एन-९५ लावला तरी वास येतो. मास्क खराब झाला का?

मास्क ठणठणीत आहे, तुम्ही त्याला भलतंच काम दिलंय. एन-९५ धूळ आणि रंगाचे तुषार अडवतो. रंगातल्या थिनरची वाफ त्यातून सरळ पार होते. तिच्यासाठी दोन्ही गालांशी डब्या असलेला रबरी मास्क लागतो. डबीवर ‘ऑरगॅनिक व्हेपर’ लिहिलेलं बघून घ्या आणि स्प्रेसाठी पुढे कणांचा फिल्टरही लावा. डबीतला कोळसा वाफ धरून ठेवतो. उघड्यावर पडला तर काम नसतानाही तो भरत जातो, म्हणून मास्क खिळ्याला टांगू नका, हवाबंद डब्यात ठेवा. दाढी असेल तर कडेने फट राहते. मग महागातला मास्कही फुकट.

आत वास आला की डबी बदलायची. पण वास येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. एकदा जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, थंडी म्हणून दार लावून मी कपाटाला पॉलिश करत बसलो होतो. दहा मिनिटांत वास ‘गेला’. बायको चहा घेऊन आली ती उंबऱ्यातच थबकली. “अहो, डोळे चुरचुरत नाहीत का तुमचे?” उठायला गेलो तर भिंत धरावी लागली. वास गेला नव्हता, नाक सरावलं होतं.

आणि सायकल बाहेर काढा हो. मास्क तुम्हाला आहे, त्याच खोलीत रात्री झोपणाऱ्या पोरांना नाही.

प्रश्न : मे महिन्यात दार उघडं ठेवलं तर भाजून निघतो. कूलर लावून काम केलं तर चालेल?

कूलर कुठे आहे त्यावर अवलंबून. खोलीत मधोमध ठेवलेला कूलर तीच हवा घुसळतो. खिडकीबाहेर लावलेला ताजी हवा आत ढकलतो, पण ती बाहेर पडायला समोरचं दार उघडं हवंच. बसायचं असं की वारा आधी तुमच्याकडे येईल, मग कामाकडे जाईल आणि तिथून दाराबाहेर. उलटं बसलात तर सगळी वाफ तोंडावर.

उन्हाळ्यात थिनर भराभर उडतो. त्यात बहुधा असणाऱ्या टोल्युईनची वाफ ४ अंश सेल्सिअसलाही ठिणगीने पेट घेऊ शकते. आपल्याकडे पारा चाळिशीपार. ही वाफ हवेपेक्षा तिपटीने जड, जमिनीलगत सरपटत शेजारच्या खोलीतल्या गॅसपर्यंत पोचते. देवापुढची समईसुद्धा विझवलेली बरी. मी तर सकाळी सहाला गच्चीवर बसतो.

प्रश्न : पॉलिश पुसायला कारखान्यातले टॉवेलचे तुकडे वापरते. नंतर ते कुठे टाकू?

सोलापुरात तुकड्यांना तोटा नाही, म्हणूनच त्यांचा ढीग होतो. पॉलिशमध्ये जवसाचं तेल असेल तर बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. ते तेल वाळताना तापतं, आतली उष्णता कोंडते आणि काडी न लावता कापड पेटतं. जवस चटणीतच बरा! तुकडे पाण्यात बुडवून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर ठेवा.

प्रश्न : रेझिनच्या ट्रे बनवते. थिनरसारखा वास नाही, म्हणजे धोका नाही ना?

आहे. इपॉक्सी, म्हणजे ट्रेसाठी वापरतात ते रेझिन, अंगावर पुन्हा पुन्हा लागलं की त्वचेला त्याची ॲलर्जी बसू शकते, आणि बसली की सहसा सुटत नाही. नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घाला. मात्र रेझिन पुसायला वापरतात तो ॲसिटोन त्यांतून लवकर झिरपतो, तेव्हा सांडला तर मोजे लगेच बदला. हाताला लागलेलं रेझिन ॲसिटोनने किंवा थिनरने पुसू नका. साबण आणि पाणी. दिवस गेलेले असतील तर हे सगळंच काही महिने बाजूला ठेवा.

प्रश्न : उरलेला थिनर पाण्याच्या बाटलीत भरून ठेवतो, चालेल ना?

अजिबात नाही. आजच ओतून मूळ डब्यात परत टाका. कोणी चुकून प्यायलंच तर उलटी करवू नका, उलटी होताना थिनर फुप्फुसात उतरू शकतो. १०८ ला फोन करा आणि डबा दवाखान्यात सोबत न्या.