भिंतीला टेकून की बैठका घालून?

प्रश्न : नवतपा लागला तशी जिम सुटली. घरीच कूलरसमोर रोज दोन मिनिटं भिंतीला पाठ टेकून अधांतरी बसतो. तरी तीन जिने चढताना मांड्या भरून येतात. बैठका घालू का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : घाला. स्थिर व्यायामाने, म्हणजे सांधा न हलवता नुसता ताण धरून, ताकद वाढते ती मुख्यतः ज्या कोनात स्नायू आवळून धरला त्या कोनात, आणि आजूबाजूच्या साधारण १५-२० अंशांत. तुमचा गुडघा ९० अंशांवर थांबलेला. जिन्यावर मात्र तो सरळ होईपर्यंत प्रत्येक कोनात वजन उचलतो. शिवाय दोन मिनिटं टिकणारा ताण म्हणजे हलका ताण. त्याने दम वाढतो, ताकद फारशी नाही.

१९५३ साली जर्मनीत हेटिंगर आणि म्युलर या संशोधकांनी दिवसाला एकदा, सहा सेकंद, कमाल जोराच्या दोन-तृतीयांश ताण धरला तर तेवढ्यावर आठवड्याला पाच टक्के ताकद वाढते असं मांडलं. पुढच्या प्रयोगांत तो वेग काही दिसला नाही. पण ताण जोराचा हवा, वेळ थोडा चालतो, हे खरं ठरलं.

दिवसाआड, ऊन चढायच्या आत, आठ-दहा बैठकांचे तीन सेट करा. पाठीवरच्या दप्तरात पाच किलो तांदूळ. तीन सेकंदांत खाली, एका सेकंदात वर, दोन सेटमध्ये दोन मिनिटं विश्रांती. शेवटच्या दोन बैठका जड गेल्याच पाहिजेत. बारा सहज निघू लागल्या की दोन किलो वाढवा. पहिल्या आठवड्यात दोनच सेट, कारण मांड्या दुखतात त्या मुख्यतः खाली जाताना पडणाऱ्या ताणाने, आणि ते दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरतं.

भिंत सोडू नका. बैठकीतून उठताना जिथे अडता, त्याच उंचीवर टेका, एक पाय जरासा उचला आणि दहा सेकंद धरा; प्रत्येक पायाला तीनदा. गुडघ्यातच कळ येत असेल तर बैठका थांबवून, न दुखणाऱ्या कोनात दोन्ही पायांवर धरा. इथे स्थिर व्यायाम सरस.

प्रश्न : वडिलांना बीपीची गोळी आहे. भिंतीचा व्यायाम चालेल?
– एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : डॉक्टरांना विचारूनच. नियमित केल्यास काही आठवड्यांत बीपी उतरायला मदत होते, पण धरून ठेवलेल्या वेळात ते चढतं, आणि श्वास कोंडला की फारच. म्हणून गुडघे कमी वाकवून भिंतीवर उंच टेकायचं आणि मोठ्याने आकडे मोजायचे. बोलताना श्वास कोंडता येत नाही.