टायगर बार्ब मासे एंजल माशांचे पर कुरतडतात, काय करू? (सांगली, ३ फुटी टाकी: ४ बार्ब, २ एंजल, काही गप्पी)

आधी एंजल आणि गप्पी दुसऱ्या टाकीत हलवा. लांब, संथ हलणारे पर दिसले की बार्ब ते कुरतडणारच, पोट भरलेलं असलं तरी. शिवाय मोठा एंजल लहान गप्पी गिळतो, म्हणजे ही जोडीही मुळात चुकीचीच.

बार्ब चारच आहेत, हे भांडणाचं खरं कारण. त्यांची आपसात उतरंड ठरलेली असते. कळप लहान असला की सगळा त्रास एक-दोघांवर आणि मग इतर माशांवर निघतो. संख्या ८ ते १० करा. ३ × १.२५ × १.५ फुटांच्या टाकीत साधारण १६० लिटर पाणी बसतं, तेवढ्यात ते मावतात. सोबतीला झेब्रा डॅनिओ चालतील.

नवे मासे सोडताना दगड-लाकडांच्या जागा बदला आणि दिवा बंद ठेवा. जुन्यांच्या हद्दी मोडतात. खाणं दोन टोकांना टाका.

कुरतडलेल्या परांना औषधाची घाई नको. आठवड्यातून दोनदा पाव पाणी बदला, नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन घालूनच. परांच्या कडा पांढऱ्या, कापसासारख्या दिसल्या तरच बुरशीचं औषध, तेही वेगळ्या टाकीत. सांगलीच्या उन्हाळ्यात पाणी तापून ऑक्सिजन घटतो, एअर पंप रात्रीही चालू राहू दे.