घरामागे सात-आठ गावरान कोंबड्या आहेत, पुण्यात. तयार खाद्याच्या गोणीशिवाय भागेल का?

भागेल, पण नुसत्या शिळ्या भात-पोळीवर नाही. कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाते आणि अंडी देणाऱ्या कोंबडीला त्यात 16 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. मका-ज्वारीच्या भरड्याने पोट भरतं, प्रथिनं मात्र कमीच पडतात. ती भरून काढायला शेंगदाणा पेंड, थोडी सुकट, नाहीतर शेणखताच्या ढिगातल्या अळ्या. ढीग उकरायला कोंबड्यांना सांगावं लागत नाही!

पेंड हुंगून घ्या. कुबट वास आला, हिरवट-काळे डाग दिसले, तर फुकट मिळाली तरी नको. त्या बुरशीचं विष कोंबडीच्या यकृतावर जातं. पावसाळ्यात आठवड्यापुरतीच आणा.

मंडईत संध्याकाळी कोबी-फ्लॉवरचा पाला मिळतो. तो सुतळीने टांगा, जमिनीवर टाकला की तुडवून वाया जातो. अंड्याची टरफलं भाजून, चुरून वेगळ्या वाडग्यात ठेवा. लागेल तसं त्या खातील. फरसाण, लोणचं, कच्चा राजमा, हिरवट बटाटे अजिबात नको.

खर्च फार वाचेल असं मात्र धरू नका. धान्य शेवटी विकतच आणावं लागतं, आणि अंडी तयार खाद्यावर मिळतात तितकी मिळत नाहीत.