स्लाईड आधी मुलाच्या हातात द्या

प्रश्न : सर, मी दर्यापूर तालुक्यातला. बावीस वर्षे लग्नाच्या बँड पार्टीत ट्रॉम्बोन वाजवला. आता दोन एकर कोरडवाहू करतो. मुलगा बारावी सायन्स झाला, नीटमध्ये 312 मार्क आले. रिपीट कर म्हटलं तर नाही म्हणते. दिवसभर माझं जुनं वाद्य घेऊन बसते. कामठीच्या एका रिटायर मिलिटरी बँडवाल्याकडून मी ते घेतलं होतं. शेवटी मी त्याची स्लाईड, म्हणजे सूर बदलायची सरकती नळी, काढून सोयाबीनच्या कट्ट्यांमागे लपवली. महिना झाला, तो माझ्याशी बोलत नाही. अमरावतीच्या क्लासची फी एक लाख दहा हजार आहे, एक एकर गहाण टाकून भरायची तयारी आहे. काही लोक म्हणतात बँडातही सरकारी नोकरी लागते, पण तिथं मिलिटरीवाल्याचीच पोरं घेतात, डिग्री लागते असं ऐकलं. आणि लागली तरी बँडवाला तो बँडवालाच. मांडवाच्या मागं बसून जेवणं काय असते ते मले माहीत आहे. 14 एप्रिलची मिरवणूक सोडली तर एक दिवस खुशीनं वाजवलं नाही. पोट्टं डॉक्टर नाही झालं तरी चालते, पण बँडवाला होऊ देणार नाही. त्याला कसं समजवावं? – एक बाप

उत्तर : भाऊ, 312 मार्कांचं नंतर बघू. तुमच्या पत्रात मला टोचलं ते स्लाईडचं वाक्य.

तुम्ही वाद्य विकलं नाही, कुलपात टाकलं नाही. नेमकी स्लाईड काढली आणि बाकीचं पितळ पोराच्या डोळ्यांसमोर राहू दिलं. दुसऱ्या कुठल्या बापाला हे सुचलंही नसतं. ज्यानं बावीस वर्षे ते वाद्य ओठाला लावलं त्यालाच ठाऊक असतं की कुठला भाग काढला म्हणजे बाकीचं निकामी होतं. मुलाला हेच जास्त लागलं असणार. मारलं असतं तर कदाचित आठवड्यात विसरला असता.

‘तो माझ्याशी बोलत नाही’ हे तुम्ही एका ओळीत उरकलंय. नीटचा निकाल लागल्यावर महिनाभर गप्प बसलेला अठरा वर्षांचा मुलगा ही माझ्या लेखी फीपेक्षा मोठी गोष्ट आहे. तो जेवतो का, झोपतो का, मित्रांत जातो का, हे त्याच्या आईला विचारा. उत्तर बरं नसेल तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. फोनला पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःही बोलू शकता. आणि स्लाईड आजच बाहेर काढा. कट्टे सरकले आणि नळी केसभर वाकली तरी ती अडकत चालते, हे मी तुम्हाला काय सांगावं!

आता बँडच्या जगण्याबद्दल. त्याविषयी तुम्ही लिहिलेल्या एकाही शब्दावर माझा आक्षेप नाही. तुळशीचं लग्न झालं की काम सुरू, चातुर्मास लागला की बंद. मधल्या महिन्यांत मालकाची उचल घ्यायची आणि पुढच्या सिझनभर ती फेडत वाजवायचं. मे महिन्याच्या उन्हात जाड लाल कोट घालून चार-चार तास चालायचं, रात्री टेम्पोत वाद्यांवर रेलून परत यायचं. आता तर वरातीला धुमालचे ढोल नाहीतर डीजे हवा असतो, बँड असलाच तर नवरदेव घोड्यावर चढेपर्यंत. ओठ थकला किंवा पुढचा दात हलला की वादकाची कमाई संपते आणि त्याला पेन्शन नसते. तुमच्या मुलानं बँड पार्टीत जाऊन पोट भरावं असं मी सांगणार नाही. एवढ्यापुरतं आपलं एकमत.

पण मांडवाच्या मागचं जेवण तुम्ही ट्रॉम्बोनच्या नावावर का लिहिता? डीजेवाला पोरगाही भाड्यानंच आलेला असतो. त्याला स्टेजजवळ खुर्ची मिळते, नवरदेवाचा मामा येऊन ‘जेवून घ्या’ म्हणतो. तुम्हाला ती खुर्ची का मिळाली नाही, यात जातीचा भाग किती होता, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. अपमान खरा आहे, आणि तो करणाऱ्यांना आजवर कोणी जाब विचारला नाही हेही खरं आहे. पण त्याची वसुली तुम्ही घरातल्या पोराकडून करताय. 14 एप्रिलला तुम्ही हेच वाद्य खुशीनं वाजवत होता हे तुमच्याच पत्रात आहे. त्या दिवशी लाज वाटत नव्हती, कारण त्या दिवशी तुम्ही कोणाचे भाड्याचे माणूस नव्हता. मुलानं लहानपणापासून बाप पाहिला असेल तर त्या मिरवणुकीतलाही पाहिलाय. त्याच्या मनात तो बाप असेल, मांडवामागचा नसेल, असं मला वाटतं.

दुसरं एक वाक्य पुन्हा वाचा. ‘डॉक्टर नाही झालं तरी चालते.’ मग एक एकर कशासाठी गहाण टाकताय? माझ्या वाचनाप्रमाणे ते पैसे डॉक्टरकीसाठी जातच नाहीत, मुलाच्या हातून ट्रॉम्बोन सुटावा म्हणून जातायत. ते काम अमरावतीचा कुठलाही क्लास करून देणार नाही. मुलगा स्वतः तयार नसताना केलेलं रिपीट मी दरवर्षी बघतो. बाप हप्ते भरतो, पोरगं भाड्याच्या खोलीत मोबाईल बघत पडतं, आणि दिवाळीनंतर दोघंही एकमेकांशी टेस्ट सिरीजच्या मार्कांबद्दल खोटं बोलायला लागतात. 720 पैकी 312 म्हणजे मुलगा मठ्ठ नाही. पण सरकारी एमबीबीएस यात नाही. नर्सिंग, फार्मसी, लॅब टेक्निशियन हे रस्ते उघडे आहेत, त्याला हवे असतील तर. क्लासची फी भरू नका. टोकन दिलं असेल तर गेलं समजा.

आता तुम्ही ऐकलेल्या गोष्टीकडे येतो, कारण ती विदर्भात गावोगाव ऐकू येते आणि तिच्यामुळे चांगली पोरं अर्जच करत नाहीत. सरकारी बँडात मिलिटरीवाल्यांचीच पोरं घेतात, डिग्री लागते, हे खरं नाही. हवाई दलात अग्निवीरवायू म्युझिशियन अशी वेगळी भरती निघते. तिला दहावी पास लागतं, उमेदवार अविवाहित लागतो आणि वय साधारण साडेसतरा ते एकवीसच्या आत. चालणाऱ्या वाद्यांची यादी जाहिरातीतच असते आणि त्यात ट्रॉम्बोन नावानं आहे. परीक्षा कशाची? तयारी केलेली धून वाजवायची, लिहिलेलं नोटेशन वाचून वाजवायचं, सूर-ताल दाखवायचा. सोबत इंग्रजीची लेखी परीक्षा, 1.6 किलोमीटर धावणं आणि मेडिकल. संगीताची डिग्री कोणी मागत नाही. नौदलही वादक घेतं, त्यांची संगीतशाळा मुंबईला आयएनएस कुंजालीत आहे. भूदलाचे बँडवाले सातपुड्यात पचमढीला शिकतात. तुमच्याकडे वाद्य आलं ते कामठीहून, म्हणजे हे जग तुमच्या उंबरठ्याला एकदा लागून गेलंय. आपल्या राज्याच्या पोलीस भरतीतही बँड्समनच्या जागा असतात. त्या थोड्या असतात, सगळ्या जिल्ह्यांत नसतात, दर भरतीत असतीलच असंही नाही. पण निघाल्या की त्या कायम नोकरीच्या असतात.

हे वाचून लगेच पेढे वाटू नका. अग्निवीर ही चार वर्षांची नोकरी आहे. पहिल्या वर्षी महिना 30,000, त्यातले 9,000 सेवा निधीत कापले जातात. चार वर्षांनी सुमारे दहा लाख आणि व्याज हातात येतं, पेन्शन नाही. पुढे कायम होतात ते जास्तीत जास्त 25 टक्के. म्हणजे बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी तुमचा मुलगा पुन्हा घरी असू शकतो. फरक इतकाच की तेव्हा त्याच्याजवळ पैसे असतील, शिस्त असेल आणि कागद वाचून वाजवता येत असेल. मला हा सौदा एक एकर गहाण टाकण्यापेक्षा बरा दिसतो. तुम्हाला दिसत नसेल तर वाद घालायला मी तयार आहे.

निवड होईलच असंही नाही. वरातीत वाढलेल्या वादकाचा कान पक्का असतो, गाणं एकदा ऐकलं की तो उचलतो. पण ट्रॉम्बोनवर ना पडदे, ना बटणं, ना खुणा. सात जागा आहेत, एकेका जागेनं सूर अर्धा-अर्धा उतरतो, आणि हात नेमका कुठे थांबवायचा हे कानच ठरवतो. ताशांच्या गदारोळात सहावी जागा बोटभर चुकली तरी कोणाला कळत नाही. बंद खोलीत तीन परीक्षकांपुढे लगेच कळतं. शिवाय मोकळ्या रस्त्यावर डीजेशी स्पर्धा करत ताकदीनं फुंकायची सवय लागते, तिथं मात्र हळू आणि लांब सूर मागतात. म्हणून यंदाच्या सिझनला त्याला एकाही वरातीत पाठवू नका, चुलत्याची पार्टी असली तरी. रोज सकाळी लांब सूर, मोबाईलवर ट्यूनर (सूर तपासणारं ॲप) लावून साती जागा, आणि नोटेशन. पाच रेघांचं स्टाफ नोटेशन, त्यातही ट्रॉम्बोनचं बास क्लेफ (खालच्या सुरांसाठीची मांडणी), शिकायला एक वर्ष भरपूर झालं. ते शिकवणारा निवृत्त बँडमास्तर कामठी-नागपूरला शोधा, अमरावतीला राज्य राखीव दलाच्या गटाभोवती विचारा. पंधरा दिवसांतून एकदा गेला तरी चालेल. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या संगीत परीक्षा मंडळांच्या ग्रेड परीक्षा व्हिडिओ पाठवूनही देता येतात. भरतीला त्या लागत नाहीत, पण त्यांचा अभ्यासक्रम समोर असला की सरावाला वळण लागतं.

आणि बाकीच्या दिवसांचा मास्तर? तुमच्या तालुक्यात ट्रॉम्बोन कळणारा दुसरा माणूस मला तरी कुठे सापडणार? ओठ कसा धरायचा, श्वास कुठे चोरायचा, स्लाईडवर मनगट कसं सैल ठेवायचं, हे पुस्तकातून येत नाही. मुलाचा एकमेव शिक्षक आज त्याची स्लाईड लपवून बसलाय. तुम्हाला कदाचित ठाऊक असेल, संचलनाच्या बँडमध्ये ट्रॉम्बोनवाले बहुधा पहिल्या रांगेत चालतात. त्यात मानापेक्षा सोय जास्त आहे, स्लाईड पुढे फेकायला मोकळी जागा लागते. पण 26 जानेवारीला परेड बघायला आलेल्या माणसाला समोर तेच दिसतात. ‘बँडवाला तो बँडवालाच’ हे वाक्य लिहिताना तुमच्या डोळ्यांपुढे हे चित्र नव्हतं.

मुंबईचं मनात असेल तर थोडक्यात सांगतो. एनसीपीए या तिथल्या कलाकेंद्राचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा 2006 पासून आहे, तिथं परदेशी वादक मोठ्या संख्येनं बसतात. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये पितळेचा आवाज आता बहुतेक वेळा कीबोर्डमधून निघतो. अठराव्या वर्षी गावाहून उठून तिकडे जायचा सल्ला मी देणार नाही. नागपूर-अमरावतीच्या विद्यापीठांत संगीताची पदवी आहे, पण ती गायन, तबला, सतार यांची. ट्रॉम्बोन शिकायला म्हणून तिथं पाठवाल तर तीन वर्षे जातील.

एवढं करूनही त्याला दोन-तीन भरत्यांत यश आलं नाही तर? म्हणून पदवी सोडायची नाही. दर्यापूरलाच बीएस्सी किंवा बीएला प्रवेश घ्या, जाऊन-येऊन शिकू द्या. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा, उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा. जात पडताळणीचं प्रकरण दाखल केलेलं नसेल तर या महिन्यातच करा. भरतीत निवड झालेली पोरं त्या एका कागदासाठी समितीच्या दारात रडकुंडीला आलेली मी बघतो. धावण्याचा सराव आजपासून, त्याला नोटेशन लागत नाही.

‘कसं समजवावं’ या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण समजवायचं काय ते मलाच पटलेलं नाही. त्याला हे वाद्य नोकरीसाठी हवंय की नीटचं अपयश विसरायला हवंय, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. दुसरं असेल तर माझा अर्धा सल्ला बदलेल. म्हणून पुढचं पत्र त्याला लिहू द्या, तुम्ही मजकूर सांगू नका. सोबत दहावीची मार्कशीट, जन्मतारीख आणि वाजवलेला पाच मिनिटांचा तुकडा मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. वाजवणं बरं की वाईट हे मला कळणार नाही. ज्यांना कळतं अशा एका निवृत्त बँडमास्तरांना मी ऐकवीन, आणि ते म्हणतील ते जसंच्या तसं तुम्हा दोघांना कळवीन.