डाय दुरुस्तीचा विभाग दुय्यम का मानावा?

आपले पत्र मिळाले. टूल अँड डाय मेकिंगची पदविका घेतलेल्या आपल्या मुलीसमोर दोन जागा आहेत: एकीकडे सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या यंत्रावर ऑपरेटरची नोकरी आणि दुसरीकडे अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन (ठरावीक आकाराच्या लांब पट्ट्या व नळ्या) काढणाऱ्या कारखान्यात एक्स्ट्रूजन डायच्या, म्हणजे तापलेला धातू ज्याच्या छिद्रातून दाबून हव्या आकारात काढतात त्या साच्याच्या, दुरुस्ती विभागातील शिकाऊ उमेदवारी. झिजलेल्या डाय घासत बसण्यात तिचे शिक्षण वाया जाईल, अशी धास्ती आपण व्यक्त केली आहे. माझे मत स्पष्ट आहे. तिने दुरुस्ती विभागात जावे, मात्र एका अटीवर. ती पुढे सांगतो.

सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेला बिलेट, म्हणजे धातूचा ओंडका, प्रेसच्या दाबाने ज्या छिद्रातून बाहेर येतो, त्या छिद्राच्या आतील काही मिलिमीटर लांबीची पट्टी, म्हणजेच बेअरिंग, हा डायचा प्राण असतो. डाय बहुधा एच-१३ या उष्णता सोसणाऱ्या पोलादाची असते आणि नायट्रायडिंगने, म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून, तिच्यावर कठीण थर चढवलेला असतो. हा थर झिजला की खालचे पोलाद वेगाने झिजू लागते, सेक्शनची जाडी व दर मीटरचे वजन वाढते आणि पृष्ठभागावर रेघा उमटतात.

अशी डाय प्रथम गरम कॉस्टिक सोड्यात ठेवून आत अडकलेले अ‍ॅल्युमिनियम विरघळवतात. या कामात हायड्रोजन वायू निघतो आणि सोड्याने कातडी भाजते, म्हणून तोंडावरची ढाल, हातमोजे आणि हवा खेळती राहण्याची सोय आहे की नाही, हे तिने पहिल्याच दिवशी पाहावे.

खरी विद्या त्यानंतर सुरू होते. दोन पायांच्या सेक्शनचा चाचणीत निघालेला पहिला तुकडा हातात घेतला आणि त्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा पुढे गेलेला दिसला, तर त्या बाजूने धातू जास्त वेगाने वाहतो आहे असे समजावे. मग कारागीर त्या बाजूच्या बेअरिंगला किंचित चोक, म्हणजे वाट अरुंद करणारा उतार, देऊन प्रवाह अडवतो किंवा मंद बाजूचे बेअरिंग मागून मोकळे करून तिला वेग देतो. कानशीचे दोन हात जास्त पडले तर गेलेले पोलाद कानशीने परत येत नाही, म्हणून थोडे घासायचे, चाचणी घ्यायची आणि पुन्हा तुकडा पाहायचा, हा संयम अंगी बाणवावा लागतो. धातू कसा वाहतो याची ही समज केवळ तयार प्रोग्रॅम चालवून येणे कठीण आहे. आणि डायची रचना करू पाहणाऱ्याला हीच समज सर्वांत जास्त उपयोगी पडते.

झीज जास्त असेल तर वेल्डिंगने भर घालतात. पण त्याआधी नायट्रायडिंगचा थर घासून काढला नाही तर वेल्डमध्ये छिद्रे राहतात आणि डाय आधी तापवून नंतर सावकाश थंड केली नाही तर तडे जातात. पोकळ सेक्शनच्या डायमध्ये मॅन्ड्रेल, म्हणजे पोकळी घडवणारा मधला गाभा, ज्या पुलांवर तोललेला असतो त्यांनाच खोल तडा गेला असेल, तर माझ्या मते ती डाय भंगारात काढणेच शहाणपणाचे; प्रेसच्या दाबाखाली वेल्डिंगने सांधलेला तो तडा पुन्हा उघडण्याची भीती असते. कोणती डाय वाचवायची आणि कोणती सोडायची, हे ठरवता येणाऱ्या माणसाचे कारखान्यात वजन असते. पुढे डायची रचना, धातूच्या प्रवाहाचे संगणकीय सिम्युलेशन किंवा प्रेसची प्रक्रिया सांभाळणे, अशा वाटा तिला येथूनच मिळू शकतात.

आता ती अट. दुरुस्त केलेल्या डायची चाचणी होताना तिला प्रेसजवळ उभे राहू दिले पाहिजे आणि प्रत्येक डायच्या नोंदवहीत तिला स्वतः लिहू दिले पाहिजे. मुलाखतीत तिने हे दोन्ही प्रश्न नम्रपणे पण स्पष्ट विचारावेत. डाय कोठे बिघडली हे न दाखवता केवळ पॉलिश करण्यासाठी तिच्या हाती दिली जाणार असेल, तर मात्र सीएनसीची जागा घेण्यास माझी हरकत नाही.