लिहिता हात मोकळा आहे

प्रिय,

“किडनी मिळाली की मग सगळं एकदम सुरू करीन,” हे तुझं वाक्य मनातून जाईना, म्हणून लगेच लिहायला बसले.

प्रत्यारोपणाची आशा जरूर धर. पण ते झाल्यावरही नवी किडनी टिकावी म्हणून रोजच्या गोळ्या, रक्ततपासण्या, जंतुसंसर्गाची धास्ती असतेच. तू ज्या निर्धास्त सकाळसाठी अभ्यास थांबवलायस ती तशी येणार नाही. आत्ताच काहीतरी हातात घे.

आणि छंद नको, काम घे. ज्याची दुसरं कुणीतरी वाट बघत असेल असं काम. दमलं की छंद बाजूला ठेवता येतो, आणि डायलिसिसवरचे आपण तर कायम दमलेलेच असतो. वाट बघणारं माणूस असलं की गोष्ट बदलते. मशीनवरून उतरल्यावर डोकं जड असतं, पायात गोळे येऊन गेलेले असतात, बोलायचीही इच्छा नसते. त्या संध्याकाळी मी झोपते. दुसऱ्या सकाळी मात्र उठते, कारण कुणाच्या तरी पुस्तकाची छपाईआधी तपासायची मुद्रितं माझ्यामुळे अडलेली असतात. मनोधैर्य वगैरे मला कधी आधी सापडलं नाही; काम आधी आलं, धीर मागून आला.

फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी हातातली धमनी आणि शीर जोडलेल्या जागेवर, बोटं ठेवून बघ. मांजर घुरघुरावं तशी थरथर लागते ना? तो करण्याआधी तुला विचारलं असेल, कुठल्या हातानं लिहितेस? शक्यतो दुसरा हात निवडतात. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास सुया त्या हातात आणि लिहिता हात मोकळा. त्या हातानं तू काय करतेस? फोन सरकवतेस. राग येतो मला.

हे तास फुकट मिळालेले नाहीत, पोरी. पूर्वी दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे किडन्या कायमच्या गेलेल्या माणसाला डायलिसिसवर वर्षानुवर्षं ठेवणं शक्यच नव्हतं. 1960 साली सिअ‍ॅटलमध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हातात बसवून ठेवायची युक्ती काढली. त्यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर 11 वर्षं जगले. आपण त्या हट्टावर जगतोय, तर आपणही थोडा हट्ट करावा.

माझ्या हट्टाला घरचे आजही नावं ठेवतात. “जरा पडून राहा” म्हणणाऱ्यांशी मी कडू बोलले, जवळच्यांना वेळ कमी दिला, याची खंत आहे. पण नुसती पडून राहिले असते तर त्यांना मी तरी कुठे मिळाले असते? माझ्या आजाराची काळजी घ्यायला घरात सगळे होते, माझी गरज मात्र कुणालाच नव्हती. ते मला सोसवलं नसतं.

यात डायलिसिसची एकही पाळी चुकवायची नाही, हे तुला सांगायला नको. पाण्याचं माप, खाण्यातलं पोटॅशियम, सगळं सांभाळ. कामासाठी पाळी टाळणारी माणसं पाहिली आहेत मी, तो हट्ट नव्हे. आणि आठवडेच्या आठवडे कशातच जीव रमत नसेल तर डॉक्टरांना तेही सांग. डायलिसिसवरच्या पुष्कळांना नैराश्य येतं, त्यावर उपचार असतात. तिथे माझं पत्र पुरायचं नाही.

बाकी सबबी ऐकणार नाही. काम मोठं असायला हवं असं कोण म्हणालं? एखाद्या मुलाला फोनवरून गणित शिकव, कुणाचा हिशेब लिही. फक्त पलीकडे माणूस हवं, वाट बघणारं.

सुचत नसेल तर सोबत एका प्रकरणाची मुद्रितं पाठवते आहे. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल पेनानं दाखव, शंका समासात लिही. लेखकाला तुझं नाव कळवलंय. गुरुवारपर्यंत परत हवीत.